कमर्शियल विम्याची परीक्षा: क्लेमकडून मागे वाचत या

नाशिकहून आलेला प्रश्न थोडक्यात असा. शिक्षण बी.कॉम., चार वर्षं ब्रोकरच्या ऑफिसात मोटर आणि हेल्थचं काम. आता साहेबांनी कमर्शियल डेस्कवर घेतलंय आणि इन्शुरन्स इन्स्टिट्यूट ऑफ इंडियाची लायसेन्शिएट ही पहिली परीक्षा उरकायला सांगितलीय. आयसी-०१ (विम्याची तत्त्वं) आणि आयसी-११ (जनरल इन्शुरन्सचा व्यवहार) ही पुस्तकं आणलीत. इंग्रजी जड जातं. व्याख्या पाठ होतात, पण सराव प्रश्न सोडवताना चारातले दोन पर्याय बरोबर वाटतात. नोकरी सांभाळून तयारी कशी करू, आणि पुढे फायर-मरीन घेऊ का?

दोन पर्याय बरोबर वाटतात, यावरून एवढं नक्की कळतं की तुमचं वाचन झालंय. वाचनच झालं नसतं तर चारही सारखे वाटले असते. उरलेल्या दोनांत गाडी अडते, कारण पेपर काढणारा व्याख्या विचारतच नाही, ती कुठे थांबते ते विचारतो. पुस्तकात ही हद्द अर्ध्या ओळीत उरकलेली असते, पॉलिसीत मात्र ती कंसासकट लिहिलेली असते. म्हणून मी क्लासला येणाऱ्यांना हेच सांगत आले आहे: पुस्तक शेजारी ठेवा, पण अभ्यास पॉलिसीच्या वर्डिंगवरून, म्हणजे तिच्या मूळ मजकुरावरून करा, आणि तोही उलट्या दिशेने. नुकसान झालंय असं धरा. मग कोणाला किती पैसे मिळणार आणि कुठल्या ओळीमुळे, हे विचारत मागे जा. तुम्ही ब्रोकरकडे आहात, तुमच्या कपाटात वर्डिंगचे गठ्ठे पडलेले असणार. बाहेरच्या मुलांना ही सोय मिळत नाही.

सुरुवात स्टँडर्ड फायर अँड स्पेशल पेरिल्स पॉलिसीपासून करा. बारा पेरिल्सची, म्हणजे धोक्यांची, यादी पाठ होईलच, तिच्यामागे लागू नका. प्रत्येक पेरिलच्या पुढचं 'एक्स्क्लुडिंग' तेवढं पेन्सिलीने गोल करा. पहिलंच बघा, आग. साखर कारखान्याच्या आवारात बगॅसचा (उसाच्या चोथ्याचा) ढीग आहे, आतून तापला आणि पेटला. ढिगाचे पैसे मिळतील? नाही. स्वतःच्या आंबण्याने, उष्णतेने किंवा आपोआप पेटण्याने त्याच मालाचं झालेलं नुकसान वगळलेलं आहे, वेगळं अ‍ॅड-ऑन घेतलं असेल तरच ते मिळतं. पण ती आग शेजारच्या साखरेच्या गोदामात गेली तर? गोदामाचे आणि साखरेचे पैसे मिळतात, कारण गोदाम काही आपोआप पेटलेलं नाही. परीक्षेत येतो तो हा दुसरा भाग. नुसतं 'स्पॉन्टेनियस कम्बश्चन वगळलेलं आहे' असं पाठ करणारा इथे हमखास चुकतो.

तसंच इम्पॅक्ट डॅमेजचं. ट्रक भिंतीला धडकला. ट्रक ट्रान्सपोर्टवाल्याचा असेल तर क्लेम बसतो, तुमच्याच कारखान्याची फोर्कलिफ्ट असेल तर बसत नाही. बॉयलर स्वतःच फुटला तर बॉयलरचं नुकसान या पॉलिसीत नाही, त्याला बॉयलर अँड प्रेशर प्लांट पॉलिसी लागते. पण त्या स्फोटाने शेडचं छत उडालं तर छत इथेच येतं. बुश फायर आत, फॉरेस्ट फायर बाहेर. भूकंप या पॉलिसीत अ‍ॅड-ऑन म्हणून घ्यावा लागतो. वादळ-पुराचा गट, ज्याला सगळे एसटीएफआय म्हणतात, तो जुन्या टॅरिफमध्ये, म्हणजे ठरवून दिलेल्या दरपत्रकात, काढून टाकून प्रीमियम वाचवता यायचा. २६ जुलै २००५ ला मुंबईत सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. त्यानंतर असा वाचवलेला प्रीमियम किती महाग पडू शकतो, हे कुणाला वेगळं समजावून सांगावं लागलं नाही.

आता अ‍ॅव्हरेज. विमा कमी रकमेचा असेल तर क्लेमही त्याच प्रमाणात कापतात, ते हे. यावर प्रश्न येणारच, आणि तो कागदावर आकडे मांडूनच सोडवायचा, तोंडी नाही. भिवंडीतलं गोदाम घ्या. आगीच्या दिवशी मालाची खरी किंमत १ कोटी, विमा ६० लाखांचा, नुकसान २० लाखांचं. विमा ६० टक्केच आहे, म्हणून नुकसानीचे ६० टक्के, म्हणजे १२ लाख, आणि त्यातून डिडक्टिबल, म्हणजे ग्राहकाने स्वतः सोसायची रक्कम, वजा. मोटरमधून आलेल्यांना हे पचायला वेळ लागतो. 'नुकसान २० लाखांचं, विमा ६० लाखांचा, मग पूर्ण का नाही?' असं ग्राहकही विचारतो. उत्तर असं की उरलेल्या ४० लाखांच्या जोखमीचा त्याने प्रीमियमच दिलेला नाही. तेवढ्या हिश्श्याची विमा कंपनी तो स्वतःच आहे.

हाच हिशेब पुढे न्या. १ एप्रिल २०२१ पासून लहान धंद्यांसाठी दोन ठरावीक पॉलिसी आल्या. एका ठिकाणची एकूण मालमत्ता ५ कोटींपर्यंत असेल तर भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा, त्यापुढे ५० कोटींपर्यंत भारत लघु उद्यम सुरक्षा. या दोन्हींत १५ टक्क्यांपर्यंतची अंडरइन्शुरन्स, म्हणजे विम्याची कमतरता, माफ आहे. आपल्या गोदामाचा विमा ९० लाखांचा असता तर कमतरता १० टक्के, म्हणजे २० लाख पूर्ण मिळाले असते, डिडक्टिबल तेवढं कापून. विमा ६० लाखांचाच असेल तर? कमतरता ४० टक्के. आता १५ टक्के वजा करून २५ टक्क्यांवर कापायचं का? नाही. मर्यादा ओलांडली की माफी पूर्ण जाते आणि अ‍ॅव्हरेज पूर्ण लागतं. पर्यायांत १५ लाख हा आकडा दिलेला असतो आणि पुष्कळ मुलं त्यावर टिक करून मोकळी होतात.

आयसी-०१ मधल्या तत्त्वांवर फार रेंगाळू नका. इन्शुरेबल इंटरेस्ट (विमा काढलेल्या गोष्टीत आपला आर्थिक संबंध असणं), अटमोस्ट गुड फेथ (काही न लपवणं), इन्डेम्निटी (नुकसान झालं तेवढंच भरून मिळणं) वगैरे तुम्हाला मोटरमुळे निम्मी येतातच. मात्र इंटरेस्ट कधी असायला हवा, हे तिन्ही बाजूंनी पक्कं करा: आयुर्विम्यात पॉलिसी घेताना, फायरमध्ये घेताना आणि नुकसानीच्या वेळीही, मरीनमध्ये नुकसानीच्या वेळी. मरीनचं असं का? माल वाटेतच विकला जातो, मालक बदलतो. मरीन इन्शुरन्स अ‍ॅक्ट, १९६३ मध्ये तशी तरतूद आहे. कारण कळलं की पाठ करावं लागत नाही.

सब्रोगेशनबद्दल, म्हणजे पैसे दिल्यावर विमा कंपनीने ग्राहकाच्या हक्काने दोषी माणसाकडून वसुली करण्याबद्दल, मात्र एक व्यवहारातली गोष्ट सांगते, कारण ती डेस्कवर पहिल्याच महिन्यात तुमच्यासमोर येईल. ट्रकमधला माल भिजून पोचला. ग्राहक विमा कंपनीला कळवतो, सर्व्हेअर येतो, फोटो निघतात, सगळे निर्धास्त. ट्रान्सपोर्टवाल्याला मात्र लेखी नोटीस कुणी देतच नाही. कॅरेज बाय रोड अ‍ॅक्ट, २००७ प्रमाणे माल बुक केल्यापासून १८० दिवसांत ती नोटीस द्यावी लागते, नाही तर वाहतूकदारावर दावा चालत नाही. विमा कंपनी पैसे देऊन ग्राहकाच्या जागी उभी राहते खरी, पण ग्राहकाचा हक्कच संपलेला असेल तर ती कशाच्या जोरावर वसुली करणार? म्हणून ती क्लेममधूनच कापते, आणि मग सगळे ब्रोकरकडे बघतात. ही साखळी डोक्यात बसली की सब्रोगेशन इन्डेम्निटीतूनच कसं निघतं, ग्राहकाला दोनदा पैसे मिळू नयेत हा त्यामागचा विचार, हे सगळं आपोआप जागेवर येतं.

बी.कॉम. असल्याचा तुम्हाला फायदा होईल आणि एका ठिकाणी तोटा. तोटा होतो तो कॉन्सिक्वेन्शिअल लॉसमध्ये, म्हणजे धंदा बंद पडल्याने बुडालेल्या नफ्याच्या विम्यात, ज्याला बाजारात सगळे एफएलओपी (फायर लॉस ऑफ प्रॉफिट) किंवा बीआय (बिझनेस इंटरप्शन) म्हणतात. तिथला ग्रॉस प्रॉफिट हा तुमच्या ट्रेडिंग अकाउंटमधला ग्रॉस प्रॉफिट नाही. निव्वळ नफा अधिक विमा घेतलेले स्थिर खर्च, असा तो काढतात. दुसऱ्या बाजूने काढायचा तर उलाढालीत स्टॉकचा फरक धरून, धंदा कमी झाला की कमी होणारे खर्च तेवढे वजा करायचे. कारखाना बंद पडला तरी पगार, भाडं, बँकेचं व्याज चालूच राहतं. विमा त्यासाठी आहे. तुमच्या खात्यांत मजुरी ट्रेडिंगला जाते म्हणून इथेही वजा केलीत तर उत्तर चुकणार.

रत्नागिरीचा आंब्याच्या पल्पचा कारखाना घ्या. आकडे मी सोयीसाठी धरतेय. वर्षाची उलाढाल २ कोटी ४० लाख, त्यातली १ कोटी ८० लाख एप्रिल ते जूनमध्ये. एप्रिलच्या पहिल्या दिवशी आग लागली, तीन महिन्यांत कशीबशी २० लाखांची विक्री झाली. ग्रॉस प्रॉफिटचा दर २५ टक्के. घाईत सोडवणारा २ कोटी ४० लाखांना बाराने भागतो, तीन महिन्यांचे ६० लाख काढतो, त्यातून २० वजा, घट ४० लाख, क्लेम १० लाख. चूक. स्टँडर्ड टर्नओव्हर म्हणजे आधीच्या बारा महिन्यांतले तेच महिने. १ कोटी ८० लाख वजा २० लाख, घट १ कोटी ६० लाख, त्याचे २५ टक्के म्हणजे ४० लाख. मग कारखाना चालू ठेवायला जास्तीचा खर्च केला असेल तर त्याचा विचार, आणि वाचलेले खर्च वजा. शिवाय वर्षाच्या उलाढालीच्या २५ टक्के, म्हणजे ६० लाखांचा तरी विमा होता का, ते तपासायचं. नसेल तर इथेही प्रमाणात कात्री. या प्रकरणातून आणखी दोन प्रश्न नेहमी येतात. इन्डेम्निटी पिरियड, म्हणजे बुडालेला नफा भरून मिळण्याची मुदत, नुकसानीच्या दिवसापासून मोजतात आणि पॉलिसी मध्येच संपली तरी तो चालू राहतो. आणि मालमत्तेच्या पॉलिसीत क्लेम मान्य झाला नसेल तर बीआयचाही मिळत नाही.

मरीनला बहुतेक जण घाबरतात ते समुद्राच्या जुन्या शब्दांना. तुम्हाला त्याचं कारण नाही, कारण तुमच्या जिल्ह्यातून कांदा आणि द्राक्षं न्हावा शेव्याला जातातच. इन्स्टिट्यूट कार्गो क्लॉजेस (मालाच्या विम्याच्या ठरावीक शर्ती) ए, बी आणि सी यांतला फरक कांद्याच्या कंटेनरवर घासून बघा. ए म्हणजे ऑल रिस्क्स, त्यात चोरी येते. बी आणि सी मध्ये नावं घेतलेल्याच जोखमी. लाटेने माल वाहून गेला किंवा भूकंप झाला तर बी मध्ये आहे, सी मध्ये नाही. जहाज वाचवायला माल मुद्दाम समुद्रात टाकला, तर तो सी मध्येही आहे. आणि जहाज उशिरा पोचलं, कांदा सडला? मग ए घेऊनही काही मिळत नाही, कारण उशीर आणि मालाचा अंगभूत दोष तिन्हींत वगळलेले आहेत. 'ऑल रिस्क्स'मधल्या 'ऑल'वर विसंबणाऱ्यांसाठी पेपरात दरवेळी एक खड्डा खणलेला असतो, तो हाच.

जनरल अ‍ॅव्हरेज समजायला एव्हर गिव्हनसारखं उदाहरण नाही. २३ मार्च २०२१ ला ते जहाज सुएझ कालव्यात आडवं अडकलं, २९ मार्चला सुटलं, आणि मालकांनी जनरल अ‍ॅव्हरेज जाहीर केलं. म्हणजे ज्यांच्या कंटेनरला ओरखडाही आला नव्हता, त्यांनाही सुटकेच्या खर्चातला वाटा द्यावा लागणार. ज्यांचा विमा होता त्यांच्यासाठी विमा कंपनी हमी देते, आणि हे सी क्लॉजमध्येसुद्धा कव्हर असतं. फायरमधला अ‍ॅव्हरेज आणि हा अ‍ॅव्हरेज यांचा एकमेकांशी काही संबंध नाही, दोन्ही वेगळ्या पानांवर लिहून ठेवा. इन्कोटर्म्सपैकी, म्हणजे विकणारा आणि घेणारा यांच्यात जबाबदाऱ्या वाटणाऱ्या आंतरराष्ट्रीय अटींपैकी, एफओबी आणि सीआयएफ पुरेत. सीआयएफमध्ये विमा विकणाऱ्याने काढायचा, आणि इन्कोटर्म्स २०२० प्रमाणे त्याने किमान सी क्लॉज दिला तरी त्याची जबाबदारी संपते. सीआयपी या दुसऱ्या अटीत मात्र ए लागतो.

लायबिलिटीमध्ये ऑकरन्स (घटना घडली तेव्हाची पॉलिसी लागू) आणि क्लेम्स-मेड (दावा आला तेव्हाची पॉलिसी लागू) यांतला फरक कळला की निम्मं झालं. सी.ए.ची २०२२ मधली चूक, अशिलाचा दावा २०२५ मध्ये. क्लेम्स-मेड पॉलिसीत २०२५ ची पॉलिसी बोलते, फक्त तिची रेट्रोअ‍ॅक्टिव्ह तारीख, जिच्यानंतरच्याच चुका धरल्या जातात ती, त्या चुकीच्या आधीची हवी. पब्लिक लायबिलिटी इन्शुरन्स अ‍ॅक्ट, १९९१ हा भोपाळनंतरचा कायदा, घातक पदार्थ हाताळणाऱ्यांवर सक्तीचा आणि कोणाची चूक हे न बघता मदत देणारा. याहून जास्त लायसेन्शिएटला सहसा लागत नाही.

रिइन्शुरन्सची, म्हणजे विमा कंपनीने स्वतःच्या जोखमीसाठी काढलेल्या विम्याची, प्रकरणं लोक सोडून देतात. मला त्यांचं आश्चर्य वाटतं, इतके सोपे गुण दुसरीकडे कुठे मिळणार? सरप्लस ट्रीटी घ्या. कंपनीचं रिटेन्शन, म्हणजे स्वतःकडे ठेवायचा हिस्सा, १ कोटी, वर ९ लाइन्स (तेवढेच नऊ हिस्से रिइन्शुररचे), म्हणजे एकूण क्षमता १० कोटी. ४ कोटींचा कारखाना आला. कंपनीने १ कोटी ठेवले, ३ कोटी दिले. प्रमाण एकास तीन. आता नुकसान झालं ४० लाखांचं. कंपनी किती देणार? पहिल्यांदा सोडवणारे जवळजवळ सगळे '४० लाख, कारण ते १ कोटीच्या आत आहे' म्हणतात. पण सरप्लस प्रमाणात चालते. कंपनी १० लाख, रिइन्शुरर ३० लाख. नुकसान रिटेन्शनच्या आत असलं तर रिइन्शुररला काहीच द्यावं लागत नाही, हा नियम एक्सेस ऑफ लॉसचा. ही दोन वाक्यं आणि एक उदाहरण पक्कं असेल तर त्या प्रकरणाला भिण्यासारखं काही उरत नाही.

बाजाराचा इतिहास आणि कायदे झोपण्यापूर्वी वाचण्याजोगे, त्यांना सकाळचा ताजा वेळ देऊ नका. १९३८ चा इन्शुरन्स अ‍ॅक्ट. १ जानेवारी १९७३ पासून १०७ कंपन्यांच्या चार झाल्या: कोलकात्याची नॅशनल, मुंबईची न्यू इंडिया, दिल्लीची ओरिएंटल, चेन्नईची युनायटेड इंडिया, आणि वर जीआयसी, म्हणजे जनरल इन्शुरन्स कॉर्पोरेशन. १९९९ चा आयआरडीए, म्हणजे विमा नियामकाचा, कायदा. १ जानेवारी २००७ ला फायर, इंजिनिअरिंग आणि मोटरच्या ओन डॅमेजचे (स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचे) टॅरिफ दर गेले. थर्ड पार्टीचे राहिले. कलम ६४ व्हीबी, म्हणजे प्रीमियम आल्याशिवाय जोखीम नाही, हे तुम्ही रोजच जगता. 'पैसे सोमवारी देतो, कव्हर आजपासून धरा' म्हणणारा ग्राहक कमर्शियलमध्येही भेटतो, फक्त रक्कम मोठी असते. परदेशी गुंतवणुकीची मर्यादा, जीआयसी री ला द्यायचा सक्तीचा हिस्सा असले बदलते आकडे शेवटच्या आठवड्यासाठी ठेवा, आणि तुमच्या आवृत्तीतला आकडा नव्या परिपत्रकाशी जुळत नसेल तर परीक्षेच्या सूचनांत अभ्यासक्रमाची कुठली आवृत्ती आणि तारीख धरली आहे ते बघा.

वेळेचं म्हणाल तर नोकरी करणाऱ्याने एका पेपराला सहा ते आठ आठवडे धरावेत. रोज तासभर, रविवारी तीन तास. सराव प्रश्नसंच पाठ करू नका. त्यांचा उपयोग वेगळा आहे. प्रश्न सोडवा आणि चुकलेल्या पर्यायासमोर 'हा कुठल्या परिस्थितीत बरोबर ठरला असता?' हे मराठीत एका ओळीत लिहा. वरच्या उदाहरणातले ४० लाख सरप्लसला चूक, एक्सेस ऑफ लॉसला बरोबर. अशी वही महिनाभर चालवलीत की दोन पर्यायांतला फरक वाचता वाचताच दिसायला लागतो. इंग्रजीचीही भीती त्याच वहीत मोडते, कारण लागणारे शब्द दीड-दोनशेच आहेत आणि ते पुन्हा पुन्हा येतात. पूर्ण वाक्यांचं भाषांतर करत बसू नका, त्यात संध्याकाळ जाते आणि 'नॉट' किंवा 'एक्सेप्ट' असलेले प्रश्न तरीही चुकतात. ते शब्द दिसले की आधी कच्च्या कागदावर मोठ्या अक्षरांत उतरवा.

पुढच्या पेपरांबद्दल: फायरचा आयसी-५७ आधी घ्या, कारण तुमच्या डेस्कवर रोज तीच पॉलिसी असेल. मरीनचा आयसी-६७ त्यानंतर. निर्यातदार ग्राहक जास्त असतील तर क्रम उलटा चालेल. रिइन्शुरन्सचा आयसी-८५ असोसिएट या पुढच्या परीक्षेच्या वेळी बघा, तोवर हातून दोन-चार मोठ्या फायली गेलेल्या असतील. आणि सोमवारी ऑफिसात गेलात की क्लेमवाल्यांकडून मिटलेली एक फायरची फाइल मागून घ्या. सर्व्हे रिपोर्टमधलं असेसमेंटचं पान आधी उघडा, आणि शेवटचा आकडा हाताने झाकून स्वतः काढून बघा.